बुखारा: आईबाबांना घेऊन गाईडबरोबर पायी फिरावं की आपलं आपण? (सप्टेंबरचा प्लॅन)

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन उझबेकिस्तानला जायचं पक्कं होत आलंय. ताश्कंद, समरकंद, बुखारा असा नेहमीचाच रूट आहे, व्हिसा ऑनलाइन होतो आणि पुढचा प्रवास अफ्रोसियोब नावाच्या तिथल्या वेगवान ट्रेनने, त्यामुळे त्याचं टेन्शन नाही. ताश्कंदला बाबांना शास्त्रीजींच्या पुतळ्याचं दर्शन घ्यायचंय, ते त्यांच्या मनात कधीपासूनचं आहे. समरकंदला रेगिस्तान चौक आणि तिथल्या खगोलप्रेमी राजाची, उलुघ बेगची वेधशाळा, तेही गाडी करून आरामात होईल असं दिसतंय.

अडलंय ते बुखाऱ्यावर. तिथलं जुनं शहर म्हणजे सगळी गल्लीबोळं, बऱ्याच ठिकाणी गाड्या जातच नाहीत, पायीच बघायचं शहर आहे असं सगळे सांगतात. हॉटेलवाल्याने वॉकिंग टूरचे पर्याय पाठवलेत, एक अर्ध्या दिवसाची आणि एक सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी पूर्ण दिवसाची, दोन्हीत इंग्रजी बोलणारा गाईड. यादी वाचूनच मला दमायला झालं, इतक्या मशिदी आणि मदरसे आहेत त्यात.

बाबा ७१ चे आहेत, शुगर आहे पण रोज नाशिकच्या गोदापार्कला चालतात, चालण्याचं त्यांचं काही नाही. आईचा गुडघा मात्र दुखतो, तिला दर थोड्या वेळाने टेकायला लागतं. आणि गाईड या प्रकाराबद्दल बाबांचं मत फार वाईट आहे, मागे राजस्थानात एकाने अर्धा दिवस शालींच्या आणि खड्यांच्या दुकानांत घालवला आणि किल्ला पळत पळत दाखवला, तेव्हापासून ते म्हणतात की आपण वाचून जाऊ आणि आपलं आपण बघू. मला वाटतं गाईड नसेल तर आपण नुसते घुमट बघून परत येऊ. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, गाईडवर खर्च करावा का, किती वेळाची टूर घ्यावी, आणि शाकाहारी माणसांचं तिकडे कसं होतं तेही.

पायी_पायी

ताई, गाईड नक्की घ्या, पण अर्ध्याच दिवसाचा आणि शक्य तेवढा सकाळचा. पूर्ण दिवसाची टूर आईंना घेऊन अजिबात नको, दुपारनंतर कोणाच्याच डोक्यात काही शिरत नाही, तरण्याताठ्यांच्या पण नाही.

आधी अंतराचं सांगतो म्हणजे धास्ती जाईल. गावाच्या मध्यावर लाब-ए-हौज नावाचा मोठा दगडी हौद आहे, तिथून कलान मिनारापर्यंतचं अंतर म्हणजे आपल्या नाशकात रामकुंडावरून रविवार कारंजाला चालत येण्याइतकं, थोडं इकडेतिकडे, आणि रस्ता सगळा सपाट. मध्ये बाजाराचे घुमट लागतात. म्हणजे असं की चौकावरच मोठं घुमटाचं छप्पर घातलंय, चारी दिशांनी रस्ते आत येतात आणि कडेने दुकानं, एक जवाहिऱ्यांचा, एक टोप्यावाल्यांचा, एक नाणी बदलून देणाऱ्या सराफांचा. सोळाव्या शतकातली बांधकामं आहेत. जाड विटांमुळे आत शिरल्याबरोबर गार वाटतं, त्यामुळे आईंना टेकायला सावली मिळत राहील.

आता गाईड कशाला ते सांगतो. कलान मिनार घ्या. ११२७ सालचा, साधारण ४६ मीटर उंच, नुसत्या भाजलेल्या विटांचा. आम्ही एकटे असतो तर फोटो काढून पुढे निघालो असतो. आमच्या गाईडबाईंनी आम्हाला मिनाराच्या बुडाशी उभं केलं आणि म्हणाल्या, आता बोलू नका, खालून वर एकेक पट्टा बघत जा. मग हळूहळू दिसायला लागलं की याला रंग असा नाहीच, सगळी नक्षी विटा आडव्या, उभ्या, तिरप्या बसवून आणि मध्ये फटी सोडून केलेली आहे, एका पट्ट्याची वीण दुसऱ्यासारखी नाही, आणि तिरपं ऊन पडलं की त्या फटींमध्ये सावली भरते आणि नक्षी उठून येते. ऊन डोक्यावर आलं की तीच भिंत सपाट दिसते, म्हणून सकाळ म्हटलं. पार वर, सज्जाच्या खाली, एक बारीक निळा पट्टा आहे, झिलई दिलेल्या तुकड्यांचा, तो त्यांनी बोट दाखवल्याशिवाय आमच्यातल्या कोणालाच दिसला नव्हता. तुम्ही समरकंदला उलुघ बेगचा १४२० चा मदरसा बघून आलेल्या असाल, तिथे निळाच निळा रंग आहे, आणि हा पट्टा त्याच्या तीनशे वर्षं आधीचा. हे डोक्यात बसलं की दोन्ही गावं एकमेकांना जोडली जातात.

१२२० मध्ये चंगीझखानाने बुखारा जाळलं त्यात हा मिनार वाचला. १९२० मध्ये रेड आर्मीने शहरावर तोफा डागल्या तेव्हा मात्र मार बसला, पुढे दुरुस्ती झाली. समोरासमोर दोन मोठ्या इमारती आहेत, एक कलान मशीद, १५१४ ची, २८८ छोटे घुमट आहेत तिला, आणि दुसरा मीर-ए-अरब मदरसा. हा अजून चालू आहे, मुलं राहून शिकतात, म्हणून पर्यटकांना आत सोडत नाहीत, दारातूनच बघायचं. सोव्हिएत काळात मदरसे बंद पडले होते तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर हा पुन्हा चालू करू दिला. ही असली माहिती पाटीवर नसते हो.

दुकानांचं म्हणाल तर बुकिंग करतानाच लिहून टाका की खरेदीला नेऊ नका. आम्ही लिहिलं होतं, त्यांनी पाळलं.

दारणाकाठ

मी उलट मत देतो, राग नसावा. गाईड असला की माणूस त्याच्या तोंडाकडे बघत राहतो आणि गाव बघायचं राहून जातं. बुखारा हे एवढं आटोपशीर आहे की हरवायची भीती नाही, कुठूनही मान वर केली की मिनार दिसतो. मी पहिल्या दिवशी काहीच ठरवलं नाही, लाब-ए-हौजच्या दक्षिणेला जुना ज्यू मोहल्ला आहे त्या बोळांमधून नुसता चालत राहिलो. मातीने लिंपलेल्या उंच भिंती, रस्त्याकडे खिडकी जवळपास नाहीच, फक्त कोरीव लाकडी दार, आणि डोक्यावरून घराघराला जोडत जाणारे पिवळे गॅसचे पाइप, दारापाशी आले की चौकटीसारखे वर जाऊन पलीकडे उतरतात म्हणजे खालून गाडी जाईल. एका घराचं दार उघडं होतं तर आत अंगण, द्राक्षाचा मांडव आणि खाली चहाची बैठक. अंगणातल्या आजींनी हातानेच या म्हणून खूण केली. गाईडबरोबर असतो तर पुढच्या स्मारकाची वेळ झालेली असती.

तिथून पुढे एका बोळात चोर मिनोर आहे, १८०७ चा, चार बुटके बुरूज आणि त्यांच्यावर निळे घुमट. मूळ मदरसा गेला आणि नुसता दरवाजा उरलाय. मोठ्या टूर तिथे थांबतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही आजूबाजूच्या गल्ल्या बघा, खरं गाव तिथे राहतं. काकांचं बरोबर आहे, वाचून जा आणि आपलं आपण फिरा.

जुनं_नाशिक

मी बुखाऱ्याला गेलेलो नाही. पण सुट्टीच्या दिवशी पंचवटी आणि जुन्या नाशकात लोकांना पायी फिरवतो, म्हणून गाईडच्या बाजूने चार शब्द बोलतो.

दारणाकाठ म्हणतात ते मला पटतं, पण तो अर्धा भाग झाला. बाहेरचा माणूस गोदाघाटावर आला तर त्याला दुतोंड्या मारुती दिसतोच, मोठा आहे, फोटो निघतो. पण पावसाळ्यात पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला की छातीला, यावरून अख्खं गाव पुराचा अंदाज घेतं, भांडीबाजारातले लोक त्यावरून माल हलवायचा की नाही ते ठरवतात, हे त्याला कोण सांगणार? हे कळलं की तो माणूस घाटाच्या पायऱ्यांकडे, दुकानांच्या उंच जोत्यांकडे, नारोशंकराच्या देवळाच्या तटाकडे वेगळ्या नजरेने बघतो. तेवढं करणं हेच गाईडचं काम आहे. सनावळ्या कुठेही मिळतात.

त्यामुळे गाईड निवडताना मी असं करेन की टूरच्या यादीत किती ठिकाणं आहेत ते बघणारच नाही. उलट जितकी कमी तितकं चांगलं. बुकिंगच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर गाईडशीच बोलायला मागा, हॉटेलच्या माणसाशी नको, आणि त्याला साधं विचारा की तुम्ही लहान होतात तेव्हा तुमच्या मोहल्ल्यात काय होतं, बाजार कुठे भरायचा, पाणी कुठून यायचं. जो माणूस त्याच गावचा आहे आणि ज्याला गावाची आवड आहे तो यावर खुलतो. ज्याने पाठ केलंय तो परत सनावळीवर येतो. दोन मिनिटांत फरक समजतो.

आणि दुसरं, फार महत्त्वाचं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी विचारतो की तुमचा धंदा काय, नोकरी कशात केली. सुतारकाम करणारा आला तर मी त्याला वाड्यांचे खांब आणि तुळया दाखवतो, सरकारवाड्यात त्याला घेऊन गेलो की मला काही बोलावंच लागत नाही, तोच मला सांगतो. आवडीचा धागा सापडला की म्हातारी माणसं तीन तास सहज चालतात. तर ताई, बाबा काय करायचे?

मखमलाबादकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

जुनं_नाशिक दादा, बाबा आरोग्य खात्यात होते, आरोग्यसेवक म्हणून लागले आणि शेवटी पर्यवेक्षक म्हणून रिटायर झाले. मलेरिया, क्षय सगळं केलं पण त्यांच्या बोलण्यात सारखं येतं ते नारूचं काम, नारू म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात जाणारा आणि पायातून बाहेर येणारा लांब दोऱ्यासारखा जंत. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांची त्यातच गेली, गावोगाव सायकलने जायचं, कोणाच्या पायाला फोड आलाय ते घरोघर विचारायचं, पायऱ्यांच्या विहिरी शोधायच्या, लोकांना पाणी फडक्याने गाळून प्यायला लावायचं. लोक ऐकायचे नाहीत, पायऱ्यांवर उभं राहूनच पाणी भरायचे, आणि तेच नेमकं धोक्याचं. १९९६ ला देशातला शेवटचा पेशंट झाला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त म्हणून जाहीर केला, त्या बातमीचं कात्रण अजून त्यांच्या कपाटात आहे. माझ्या पिढीला नारू म्हणजे काय तेच माहीत नाही आणि त्यांना त्याचं फार वाटतं, की एवढं मोठं काम झालं आणि लोक विसरले.

पण याचा बुखाऱ्याशी काय संबंध येणार, तिथे तर मदरसे आणि घुमट.

पायी_पायी

ताई!! काय सांगता. बुखारा हे नारूचंच गाव होतं. तुम्ही हे आधी लिहायला हवं होतं, मी वरचं सगळं सोडून हेच लिहिलं असतं.

नीट सांगतो. बुखारा वाळवंटाच्या कडेला आहे, विहिरीचं पाणी खारट. गोडं पाणी यायचं ते झरफशान नदीचं, शाहरूद नावाच्या कालव्यातून, आणि ते मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या हौदांमध्ये भरून ठेवायचे. असे हौद गावभर होते, शंभराच्या आसपास. कडेने दगडी पायऱ्या, वर तुतीची झाडं. पखालवाले त्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचे, चामड्याची पखाल भरायची आणि घरोघर नेऊन ओतायची. पाणी रोज बदलत नसायचं, साचून राहायचं, आणि त्याच पायऱ्यांवर लोक पाय धुवायचे. आता बाबांना एवढं वाचून दाखवा आणि पुढचं त्यांनाच सांगू द्या, पायाला नारूचा फोड असलेला माणूस पाण्यात उतरला की काय होतं, नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या, म्हणजे पाण्यातल्या अगदी बारीक जिवांच्या पोटात कशा जातात आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून साधारण वर्षभराने पुन्हा नारू कसा बाहेर येतो. आपल्या बारवांमध्ये जे व्हायचं तेच तिथे. नारू काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा, तुटू द्यायचा नाही, हे काम बुखाऱ्यात न्हावी करायचे आणि त्यात ते फार तरबेज होते.

मग १९२३ पासून लिओनिद इसायेव नावाच्या डॉक्टरांनी तिथे मोहीम काढली. परोपजीवींचे तज्ज्ञ होते ते. घरोघर जाऊन पेशंटची नोंद, प्रत्येकाचा नारू काढणं, आणि मुख्य म्हणजे हौदांवर काम, उपसले, बुजवले, वापर बंद केला. १९३१ पर्यंत बुखाऱ्यातून नारू गेला. म्हणजे बाबांनी सायकलवर जे केलं ते करणारी माणसं त्या गल्ल्यांतून पन्नास-साठ वर्षं आधी फिरून गेली होती. रस्त्यावर नारूची आठवण अशी मला कुठे दिसली नाही. आम्हाला हे कळलं ते आमच्या गाईडबाईंकडून, लाब-ए-हौजच्या पायरीवर बसून चहा पिताना त्यांच्या पणजीचा पाय अधू झाला होता ती गोष्ट निघाली त्यावरून. दारणाकाठ, म्हणून म्हणतो गाईड हवा.

आता तुम्ही मशिदी-मदरशांची टूर सोडा आणि गाईडला सरळ सांगा की आम्हाला पाण्याची वाट दाखवा. माझ्या डोक्यात अशी आहे. हॉटेलवरून टॅक्सीने थेट गावाच्या पश्चिम टोकाला जायचं, यांडेक्स अ‍ॅपवर गाडी लगेच मिळते, म्हणजे आईंचं निम्मं चालणं वाचतं. तिथे बागेत इस्माईल सामानी या राजाचा मकबरा आहे, हजार वर्षांहून जुना, चौकोनी छोटी विटांची इमारत, ही बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका, विटेचं काम टोपलीच्या विणीइतकं नाजूक आहे आणि भिंती जवळजवळ दोन मीटर जाड. त्याला लागूनच चष्मा-अयुब, म्हणजे अयुब पैगंबरांनी काठी आपटली आणि झरा निघाला अशी श्रद्धा असलेली जागा. आत झरा आहे, आणि त्याच इमारतीत बुखाऱ्याच्या पाणीपुरवठ्याचं छोटं म्युझियम केलंय. बाबांना तिथे वेळ द्या, घाई करू नका.

तिथून चालत बोलो हौज. अठराव्या शतकातली मशीद, पुढे वीस उंच लाकडी खांबांचा ओटा, रंगवलेलं छत आणि समोर हौद, हा भरलेला असतो. खांबांचं प्रतिबिंब पाण्यात पडतं आणि वीसाचे चाळीस होतात. नमाजाची वेळ सोडून ओट्यावर जाता येतं, चपला काढून. आणि त्याच्या शेजारीच एक लोखंडी जाळीचा उंच टॉवर दिसेल, त्या जुन्या गावात अगदी परका वाटतो, लोक त्याला नाकं मुरडतात. तो टॉवर म्हणजे या गोष्टीचा शेवट आहे! शुखोव्ह नावाच्या रशियन इंजिनिअरने १९२० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली पाण्याची टाकी होती ती, नळाचं पाणी आलं आणि हौदांची गरज संपली. बाबांचा एक फोटो मिनारापुढे काढाल तर एक या टाकीपुढे पण काढा.

समोर आर्क, म्हणजे अमीरांचा किल्ला. तो बाहेरूनच बघा, आतला चढ आईंना नको. मग हळूहळू पूर्वेकडे कलान मिनार, बाजाराचे घुमट, आणि शेवट लाब-ए-हौजला. १६२० च्या सुमाराचा आहे, उरलेल्या थोड्या हौदांपैकी एक, पायऱ्या पाण्यापर्यंत तशाच आहेत आणि कडेला वठलेली तुतीची झाडं अजून उभी आहेत. तिथे चहाच्या बाजा टाकलेल्या असतात, आईंना पाय वर घेऊन बसता येईल.

दारणाकाठ

हे वाचून मी माझं मत बदलतो. मी त्या पायऱ्यांवर संध्याकाळ काढली होती आणि यातलं काहीच मला माहीत नव्हतं. ताई, काकांसाठी तरी चांगला गाईड करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याआधी त्यांना एकट्यांना सोडा, जिथे त्यांना परत जावंसं वाटेल तिथे जाऊ द्या. म्हणजे दोन्ही होईल.

इंदिरानगर_काकू

शाकाहाराचं कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते, आम्ही दोघं पक्के शाकाहारी जाऊन आलो, कांदालसूण चालतं पण अंडं नाही. उपाशी राहिलो नाही. पण तयारी लागते.

नान फार सुंदर मिळतो, तंदूरमधला, मधोमध ठशाने टोचलेली नक्षी असते, गरम घेतला तर नुसता खाल्ला जातो. त्याच्याबरोबर टोमॅटो-कांद्याचं कापलेलं सॅलड, दही, काकडी, आणि सप्टेंबरात खरबूज, द्राक्षं, डाळिंब, अंजीर असा बाजार भरलेला असतो. आपण नाशिकचे म्हणून द्राक्षाला नावं ठेवायची सवय असते पण तिथली खरंच गोड होती. वाळवलेल्या जर्दाळूच्या आणि अक्रोडाच्या पिशव्या पर्समध्ये ठेवा, चालताना बाबांची शुगर उतरायला नको म्हणून पण बरं. नान पालथा ठेवू नका ताटात, त्यांना ते आवडत नाही.

पुलावात मटण असतंच, वरचं बाजूला काढून देतो म्हणाले तरी भात त्याच चरबीत शिजलेला असतो. भोपळ्याचे सामसे मिळतात पण त्यात सुद्धा कधी कधी मेंढीची चरबी घालतात, विचारूनच घ्या. मी "बेझ म्यासा" एवढं रशियन पाठ केलं होतं, मांस नको असं, आणि तरी सूप आलं की विचारायचे पाणी कशाचं आहे, कारण त्यांच्या लेखी रस्सा म्हणजे मांस नव्हे. सकाळच्या टूरसाठी गाईडला आदल्या दिवशी कळवा म्हणजे तो जेवणाची जागा बघून ठेवतो. आम्ही थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दशम्या आणि चिवडा नेला होता आणि छोटी किटली. आमच्या यजमानीणबाईंनी भाजणी तव्यावर लावून दिली, त्यांनी पण खाल्ली आणि कृती लिहून घेतली.

हॉटेल जुन्या वाड्यातलं असेल तर खोली तळमजल्यावर मागा, जिने फार उभे असतात आणि पायऱ्या उंच, आईंच्या गुडघ्याला त्रास होईल. टॉयलेट जुन्या गावात कमी आहेत आणि पैसे देऊन वापरायची असतात, सुटे सोम, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा, आणि गाईडला सुरुवातीलाच सांगा की वाटेत कुठे कुठे आहेत ते दाखव. यात लाजायचं काही नाही. सप्टेंबर शेवट चांगला निवडलाय, जून-जुलैत तिकडे चाळिशी गाठते, पण रात्री गार होतं, आईंना स्वेटर घ्या. मशिदीत जाताना ओढणी जवळ असू द्या.

मखमलाबादकर

मी हे सगळं जेवताना बाबांना वाचून दाखवलं. पखालवाल्यांपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात धुतला आणि कागद घेऊन बसले, इसायेव यांचं नाव लिहून घेतलं, आणि आता गाईडसाठी प्रश्न लिहून काढतायत. हौदाला जाळी होती का, विहिरीत औषध टाकायचे का, पेशंट लपवायचे का. इंग्रजी त्यांचं चांगलं आहे पण बोलायला संकोचतात, तर मी भाषांतर करत बसेन. गाईड नको हा विषय संपलाय असं धरते!

अर्ध्या दिवसाचीच टूर घेते, पश्चिमेकडून सुरुवात करून. फक्त एक शंका, हॉटेलच्या छापील टूरमध्ये चष्मा-अयुब नाहीच आहे, आणि गाईड म्हणाला की आमची ठरलेली वाट आहे तर? आणि म्युझियम बंद असलं तर बाबांचा फार हिरमोड होईल.

पायी_पायी

ठरलेली वाट ग्रुपसाठी असते, तुम्ही खासगी गाईड घेताय तर बदलून देतात. थोडे जास्त मागतील, द्या. मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की वडील नारू निर्मूलनात काम केलेले आहेत आणि आम्हाला हौद, चष्मा-अयुबमधलं म्युझियम आणि पाण्याची टाकी बघायची आहे, बाकी स्मारकं वाटेत येतील तेवढीच. इंग्रजीत नारूला गिनी वर्म म्हणतात आणि तिथे स्थानिक नाव रिश्ता आहे, दोन्ही लिहा म्हणजे गाईडला घरी विचारून यायला वेळ मिळतो. काकांचे प्रश्न पण आधीच पाठवा, आयत्या वेळी विचारण्यापेक्षा चांगली उत्तरं मिळतील.

म्युझियमचं म्हणाल तर हॉटेलला आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री करायला सांगा आणि बुखाऱ्यात दोन सकाळी हाताशी ठेवा, एका दिवशी बंद निघालं तर दुसऱ्या दिवशी. समरकंदहून येणारी ट्रेन कधीची आहे तुमची? दुपारची असेल तर टूर त्याच दिवशी ठेवू नका, संध्याकाळी फक्त हौदावर चहाला जा. आणि अफ्रोसियोबची तिकिटं विक्री सुरू झाल्या झाल्या काढा, ती फार लवकर संपतात, साध्या गाडीने आईंना बसून बसून त्रास होईल.

जुनं_नाशिक

ताई, एक विनंती. परत आल्यावर बाबांना घेऊन एकदा माझ्या पंचवटीच्या फेरीला या. आपल्याकडच्या बारवा आणि विहिरी मी लोकांना दाखवतो पण नारूची बाजू मला कोणी कधी सांगितलेली नाही, ती त्यांच्या तोंडून लोकांनी ऐकावी अशी फार इच्छा आहे. रविवारी सकाळी सात वाजता रामकुंडावर जमतो आम्ही.